पगारवाढ नाकारल्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. मामींना नमस्कार (मागच्या पत्रात त्यांनी माझी अक्कल काढली होती, तरीही).

मामा, तुमचाही चष्म्यांचाच धंदा, तेव्हा तुम्हाला पटेल. आमच्या दुकानात आत बसून भिंगं मी घासतो. पुढे काउंटरवर एकजण आहे, त्याला आम्ही हसऱ्या म्हणतो. तो तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवतो, आरसा धरतो आणि "वा, काय रुबाब!" म्हणतो. संपलं त्याचं काम. इतकी वर्षं माझा पगार मला अगदी रास्त वाटायचा. हसऱ्याला माझ्याहून जास्त मिळतो असं कळलं, आणि तोच पगार मला भीक वाटू लागला. (त्यातला एक पैसाही कमी झालेला नाही, असं बायको म्हणाली. तिला तत्त्व कळत नाही.)

गेलो तावातावाने मालकांकडे, तर तेच रडायला लागले! समोरचा डॉक्टर लोकांचे दात उपटून नवी गाडी घेतो आणि आपण जगाला दृष्टी देऊन जुनीच ढकलतो, हा कुठला न्याय, म्हणे. (तो डॉक्टर चष्म्याला आला होता तेव्हा बिल्डरच्या नावाने बोटं मोडत होता. झाडलोट करणाऱ्या मावशी तिथेच असतात, पण त्यांचा पगार मी कधी विचारला नाही. लोकांच्या खासगी गोष्टींत नाक कशाला खुपसा?)

शेवटी मालक विरघळले. "वाढ देतो," म्हणाले, "पण तेवढीच हसऱ्यालाही द्यावी लागेल, नाहीतर तो रुसेल." डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे तो पुढे तो पुढेच! मी ताडकन म्हणालो, "मग कुणालाच नको." मालकांनी इतक्या प्रेमाने माझा हात दाबला, विचारू नका. हसऱ्याचं तोंड एवढंसं झालं. फार दिवसांनी मी पोटभर जेवलो.

पण या वाढीच्या भरवशावर बायकोने दोन खोल्यांचं घर ठरवलं होतं हो. आता पुन्हा एकाच खोलीत आईचा खोकला, पोरांचं पाठांतर आणि कुकरच्या शिट्ट्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. बांधलेलं सामान तिने सोडलं आणि भांडी पुन्हा फळीवर लावली. तरीही तत्त्व म्हणजे तत्त्व.

तुमचा आशीर्वाद आहेच, तो वाढवला तर नाकारणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. – तत्त्वाचं राहू द्या. मला तुमच्या दुकानात घ्या. नाहीतर ही पोरांना घेऊन माहेरी निघाली आहे.

आणखी ता. क. – पगार तुम्ही द्याल तो. फक्त तुमच्याकडे भिंगं घासणाऱ्याला किती देता, तेवढं उलट टपाली कळवा. मला त्याच्याहून जास्त देणं जमत नसेल, तर त्याचा थोडा कमी केलात तरी माझी तक्रार नाही.