बाल्तझारची बुचं

१२ मे
लिस्बनच्या वास्कूने पेट्या परत पाठवल्या. सगळ्या! फोनवर म्हणतो कसा, "बाई, तुमच्या वाईनला बुचाचा वास येतोय. गिऱ्हाईक तोंडावर मारतंय माझ्या!" घरी एक उघडली. खरंच की! ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास. याला सगळे बुचाचाच वास म्हणतात, आणि माझ्याकडची बुचं बाल्तझारची. धाकट्या बहिणीचा, फेलिस्मिनाचा नवरा! दुसऱ्या कुणाकडून मी कधी घेतलीच नाहीत.

१३ मे
तळघरात जाऊन पिंपातली चाखली. झकास! म्हणजे वाईनचा दोष नाही. बूचच.

१९ मे
फेलिस्मिनाकडे जेवायला गेले. बाल्तझारने लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सार स्वतः वाढलं, वर अंडंही. एवढा गोड का वागतोय? सहज विचारल्यासारखं विचारलं, "बुंध्याच्या तळची सालही वापरतोस का रे आजकाल?" जमिनीला टेकलेली साल ओल धरते, बुचाला कुणी घेत नाही. इथलं शेंबडं पोरही सांगेल.
"ताई, ती मी चुलीत घालतो," म्हणाला आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? कुठेतरी पाणी मुरतंय.

२ जून
आज त्याच्या ओकांच्या रानात जाऊन आले, ज्यांच्या सालीची बुचं होतात त्या. कुणाला न सांगता. नऊ वर्षं झाल्याशिवाय झाड सोलायचं नाही आणि सोललं त्या वर्षाचा आकडा पांढऱ्या रंगाने बुंध्यावर घालायचा, ही इथली रीत. हा घाईघाईने कोवळी साल तर काढत नाही? एकेक झाड बघितलं. आकडे बरोबर. पण रंगाचं काय, हवा तो आकडा घालता येतो!
परतताना फेलिस्मिना समोर उभी. "ताई, इथे काय करतेस?"
"अळंबी शोधतेय," म्हटलं. या रखरखाटात अळंबी!

१७ जून
यंदाची सगळी वाईन आट्यांच्या झाकणांच्या बाटल्यांत भरली. तळघरातच, भाड्याचं यंत्र आणून. आता कुणाच्या बुचाची भीती नको! कॉफीच्या दुकानातले म्हातारे विचारतात, "काय बाई, वाईन की खोकल्याचं औषध?" हसा लेको.

१८ जून
बाल्तझार दारात. टोपी हातात.
"ताई, झाकणं लावा, तुमची वाईन आहे. पण माझी बुचं कुजकी आहेत असं तुम्ही गावभर सांगताय म्हणे?"
"सांगते. मग?"
"एकदा मला विचारायचं तरी."
"विचारलं होतं. तू हसलास!"
तो टोपी चढवून निघून गेला. खरा असता तर भांडला असता.

७ ऑगस्ट
आणखी दोघा वाईनवाल्यांनी त्याची बुचं बंद केली. माझं ऐकून. फेलिस्मिना चर्चमध्ये माझ्या बाकावर बसत नाही.

१ सप्टेंबर
बाल्तझारने बुचांचा कारखाना बंद केला, यंत्रंही विकली. दोघं फ्रान्सला निघाली. तिथे त्याचा चुलतभाऊ इमारती रंगवतो, त्याच्या हाताखाली काम करणार म्हणे. या वयात!
फेलिस्मिना निरोपाला आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "ताई, तुझं समाधान झालं ना?" एवढंच म्हणाली. ती गेल्यावर मी खूप रडले. पण माझं काही चुकलेलं नाही. वास सगळ्यांना आला होता.

२३ सप्टेंबर
झाकणाची पहिली बाटली अंगणात बसून उघडली. ओला पुठ्ठा! दुसरी उघडली. तोच वास. म्हणजे वास तळघराचा आहे, माझ्याच तळघराचा. जन्म तिथे गेला, आत असताना नाकाला कळतच नाही; पिंपातली चाखली तीही तिथेच.
फेलिस्मिनाला फोन लावला. बाल्तझारने उचलला. "बोला, ताई," म्हणाला.