मेंबर नागुबाईंचा विरोध

निपाणी, मंगळवार

प्रिय आई,

ग्रामपंचायतीला उभी राहणार नाहीस, असं तू रविवारी म्हणालीस. फोनवर मी तुटक बोलते, म्हणून लिहिते आहे.

सध्या माझं काम जुन्या विहिरी नकाशावर नेमक्या जागी दाखवण्याचं आहे. त्यासाठी काल तालुका बोर्डाचे कागद बघायला बेळगावला गेले होते. बोर्ड बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली. त्याच्या शाळा, रस्ते, विहिरी दुसऱ्या खात्यांकडे गेल्या. सभांची पुस्तकं कपाटात राहिली. त्यात तुझ्या माहेरच्या गावाचं नाव दिसलं, आणि खाली आज्जीची सही. नागुबाई. एकेक अक्षर सावकाश काढलेलं.

भरमा मामा दर दिवाळीला म्हणतो ना, "आमची आई मेंबर व्हती, पर बोर्डात जाऊन नुसता चा पिऊन यायची गं!" आणि तूही हसतेस. मी मोजलं. चौदा सभा, आज्जी तेरा सभांना हजर. जी एक चुकली, त्या आठवड्यात तू जन्मलीस.

नवव्या सभेत चावडीजवळ विहीर पाडायचा ठराव आला. अकरा बाजूनं, एक विरोधात. कारकुनानं कन्नडमध्ये लिहून ठेवलंय: नागुबाई म्हणतात, विहीर खालच्या आळीला पाहिजे, तिथल्या बायका पाण्यासाठी बावीसशे पावलं चालतात, आपण स्वतः मोजली आहेत.

मी नकाशावर अंतर काढलं. चौदाशे दहा मीटर. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईच्या पावलाला बरोबर जुळतं. विहीर चावडीजवळच झाली. आज्जी हरली, घरी कुणाला बोलली नसावी. पुढच्या पाचही सभांना मात्र गेली.

आई, तू आधी विचारलं होतंस, "रचना, मला जमंल व्हय गं?" आणि मी हसले. म्हणाले, तिथं चार लोकांत बोलावं लागतं. तू विषय बदललास, जेवलीस का विचारलंस. उभी राहणार नाही, हे त्यानंतर म्हणालीस. मला त्या हसण्याबद्दल लिहायचं होतं. त्याला इतकी पानं लागली. चुकलं माझं. फॉर्मची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. गुरुवारी रजा घेऊन बेळगुंदीला येते. भरायचा की नाही ते तूच ठरव. भरलास तर पंचायतीत तुझ्या शेजारी उभी राहीन. बोलायचं मात्र तू.

तुझीच,
रचना