कोरड्या मालाला कसला धोका

३ मार्च, सोमवार. दुपारी.
सगळ्यात आधी आला तो एसी दुरुस्तीवाला. तपासणीच्या बाई यायला अजून दोन दिवस, आणि हा न बोलावता दारात. पण आधी विहीणबाईंचं लिहिते, नाहीतर पोटात राहील.

एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीला आपला कॉम्प्युटर सध्या एकाच कारखान्याला जोडायचाय. एकतर आमच्या बिस्किटांच्या, नाहीतर विहीणबाईंच्या सरबताच्या. ज्याच्या कॉम्प्युटरात चोर शिरणार नाही, त्याचा माल सगळ्या दुकानांत. ते तपासायला त्यांच्या बाई बुधवारी येणार. मुलगा म्हणाला, आई, हे काम गेलं तर दुसरी भट्टी बंद. तिच्यावर अकरा बायका आहेत. मी म्हटलं, तू निवांत राहा. बिस्किट कोरडं, सरबत ओलं. गळती ओल्यालाच लागते. त्यांचं पाणी, साखर, झाकण, सगळं कॉम्प्युटर बघतो. आमचं पिठाचं माप माझ्या डोक्यात. तिथे कोण शिरणार? मुलगा म्हणाला, मलाही पन्नास वर्षांत जमलं नाही. कौतुक आहे त्याला माझं.

हां, एसीवाला. आमच्याकडे आल्यागेल्याला भट्टीतली गरम तुटकी बिस्किटं दिल्याशिवाय सोडत नाहीत. उभ्याने कशाला खा, म्हणून मुलाच्या खुर्चीत बसवलं. त्याने विचारलं, कॉम्प्युटर तापतो का, बघू? म्हटलं, बघ की बाबा. पासवर्डसुद्धा विचारला नाही बिचाऱ्याने. तो पडद्यालाच चिकटवलाय, माझ्या अक्षरात. चौथीपर्यंतच शिकले, पण लांबून वाचता येतं.

४ मार्च. सकाळी १०.
विहीणबाईंचा कारखाना तपासायला स्वतः गेले. फाटकावर कोण, तर माझीच लेक, त्यांची सून. वहीत सही घेतली, गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेलं कार्ड अडकवलं. मी म्हटलं, अगं, तुला जन्म दिलाय मी. तर म्हणाली, आई, वेळ पण लिही.

आत विहीणबाई तोऱ्यात सांगत होत्या, काल एक एसीवाला आला होता, बोलावलं नव्हतं म्हणून वॉचमनने फाटकावरूनच परत पाठवला. बघा. उन्हातून आलेल्या माणसाला घोटभर सरबत नाही, आणि कारखाना कशाचा तर सरबताचा. तिथल्या तिथे त्यांचे मार्क कापले मी.

लेकीच्या कार्डाचं विसरणार नाही.

५ मार्च, बुधवार.
संकल्प: बाईंसमोर कमी बोलायचं.

सकाळीच चमत्कार. मुलाच्या कॉम्प्युटरवरून पाकिटावर तारीख छापतात ना मशीनवर, तिथे एका खोक्यातल्या सगळ्या पाकिटांवर छापून आलं, ‘आजी, बिस्किटं खुसखुशीत होती.’ मशीनलाही कळतं. एक पाकीट ऑफिसच्या दाराला चिकटवलं, बाई आल्या की समोरच दिसावं. मुलाने वाचलं आणि मटकन खाली बसला. आनंद सोसत नाही त्याला, लहानपणापासून.

बाईंनी फोटो काढला. म्हणाल्या, आजी, तुम्ही आमचं काम फार सोपं केलंत. हे मुलाला दोनदा ऐकवलं. विहीणबाईंना फोन करून एकदा.

७ मार्च, शुक्रवार.
एसीवाला त्या बाईंचाच माणूस. मुद्दाम पाठवला होता. माझी नऊ बिस्किटं खाऊन आमच्याच मशीनमध्ये ते वाक्य भरून गेला. याला फसवणूक म्हणतात, आणि हे म्हणे सुरक्षा शिकवणार.

काम सरबताला गेलं.

विहीणबाईंनी फोनवर सांत्वन केलं. आवाजात साखर जास्त झाली होती, मी तसं सांगितलं.

१० मार्च.
दुसरी भट्टी बंद. अकराजणी घरी. जाताना एकीनेही बिस्किट घेतलं नाही. गरम होती, तरी.

मुलाने हातापाया पडून आणखी एक तपासणी मिळवली. संकल्प: या खेपेला एसीवाल्याला ओळखायचंच. फार तर दोन बिस्किटं.

१२ मार्च, बुधवार.
लेक आली होती, भावाला मदत करायला. पडद्यावरचा कागद काढला. फाटकावर वही आली, कार्डं आली. माझ्याच कारखान्यात माझ्या गळ्यात ‘व्हिजिटर’.

तपासणीचे पाहुणे पुन्हा यायचेत त्या दिवशी मी सकाळपासून विहीणबाईंकडे बसायचं, असं बहीणभावांनी ठरवलंय. तिथून म्हणे सहीशिवाय कुणाला बाहेर सोडत नाहीत.

येतो म्हणालेत वीस तारखेला. गुरुवारी. बुधवारपर्यंत आल्यागेल्याचं बघायला मी आहेच.