रस्त्याकडच्या दोन खोल्यांची व्यवस्था

मी, श्रीमती प्रतिभा गिरधर महाजन, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार लालबाग रस्ता, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र माझ्या घरात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे सोडले तर शरीरही बरे आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून दोघांनी मला पुष्कळ समजावले, त्यांची नावे पुढे येतीलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे माझा मुलगा राहील असे मी धरून चालले होते, म्हणून कधी गरज वाटली नाही.

१. वारस. माझे पती गिरधर महाजन तहसील कचेरीत होते. ते वारले. आम्हाला दोन मुले. थोरली रश्मी, लग्न होऊन जळगावला असते. धाकटा निरंजन चार वर्षांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी गेला. तो अविवाहित होता. म्हणजे आज कायद्याने रश्मी माझी एकटीच वारस आहे आणि पुढे जे लिहिले आहे ते तिला वाचून दाखवलेले आहे.

२. दागिने व शिलाई मशीन. पाटल्या, गोफ आणि बाकीचे सोने रश्मीला. शिलाई मशीन सोजरबाईंना. सोजरबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. निरंजनचा आजार गल्लीत कळल्यावर भांडीवाली यायची थांबली, शेजारच्यांनी वाटीभर भाजी पाठवायची बंद केली; सोजरबाई मात्र त्याच्याच ताटाशेजारी ताट घेऊन जेवायला बसल्या. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. मशीन जुनी आहे पण टाका सरळ पडतो.

३. निरंजनच्या वस्तू. मोटरसायकल विकावी. कपडे मी देऊन टाकले आहेत. त्याच्या मरणाबद्दल गावात वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून जे खरे ते इथे लिहून ठेवते. मृत्युपत्र खोटे म्हणायचे तर कोर्टात जावे लागते. तेवढी तसदी कोणी घेणार नाही.

निरंजन बी.कॉम. झाला होता, पण टेबलाशी बसणे त्याला जमले नाही. केळीच्या व्यापाऱ्याकडे माल भरून घेणे, ट्रक लावून देणे हे काम त्याने आवडीने धरले. एकदा भरल्या ट्रकवरून तो पाठीवर पडला. दुखणे मागे राहिले. सोबतच्या कोणीतरी दुखणे थांबायचे इंजेक्शन टोचून दिले; पुढे दुखणे थांबले तरी टोचणे थांबले नाही.

मला यातले काही माहीत नव्हते. उन्हाळा लागायच्या आधी मी कूलर धुवायला काढला, तर त्याच्या कोरड्या टाकीत कापडात गुंडाळलेल्या सिरिंज निघाल्या. मला वाटले, पोराला शुगर झाली आणि मला काळजी नको म्हणून तो लपवतो आहे. मी त्याच्या चहात साखर घालायची बंद केली. भात कमी केला. कितीतरी दिवस तो बिनसाखरेचा चहा निमूट प्यायला. शेवटी एका सकाळी कप खाली ठेवून म्हणाला, “आई, शुगर नाही मला. मी नशेचं टोचून घेतो.”

मी शाळेत वर्षानुवर्षे व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेतले. त्या सकाळी मला एक वाक्य सुचले नाही. मी उठले आणि त्याच्या कपात साखर घातली. का घातली ते आजही सांगता येत नाही.

पुढे ताप राहायला लागला, वजन उतरले. रक्त तपासले तेव्हा एच.आय.व्ही. निघाला. सांगणारी मुलगी भली होती. तिने हळू आवाजात सांगितले की सगळ्यांची सुई एकच असली की असे होते, पण यावर रोजची गोळी आहे आणि गोळी घेणारा माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. घरी येईपर्यंत मी रिक्षाच्या दांडीला धरून होते, ती मूठ निरंजनने सोडवली.

एका खाजगी नशामुक्ती केंद्रात मी त्याला घेऊन गेले. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्याची बॅग बाहेर आणून ठेवली. म्हणाले, आधी या आजाराचा इलाज करा, मग आणा. मग दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे हात पाहिले आणि म्हणाले, आधी नशा सोडू दे, नाहीतर गोळ्या वाया जातील. असे म्हणण्याचा त्यांना अधिकार नव्हता, नियम तसा नाही, हे मला फार नंतर समजले. त्या वेळी मी त्यांना नमस्कार करून बाहेर आले. डॉक्टरांना नमस्कार करावा असेच मला शिकवलेले होते.

निरंजनने सोडायचा प्रयत्न केला. मला बाहेरून कडी लावायला सांगायचा. अंग पिळवटून निघायचे त्याचे, ओकायचा, भिंतीला टेकून थरथरत बसायचा. जमले नाही. जमले नाही म्हणून तो पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढायला तयार होईना. म्हणायचा, सोडलं की जातो. मग टी.बी. झाला आणि पावसाळा सरायच्या आत तो गेला. दोन दरवाजे होते, आणि दोन्हीकडचे लोक त्याला आधी पलीकडे जाऊन ये म्हणत राहिले. माझा मुलगा त्या दोघांच्या मधल्या अंगणात मेला.

४. दापोऱ्याची शेती. पतीच्या वाट्याची दापोरा शिवारातली केळीची जमीन रश्मीला. ती आजवर माझे दीर लीलाधर महाजन कसत आले. उभ्या बागेतली केळी उतरून झाली की त्यांनी ताबा सोडावा. निरंजन गेला त्या दिवशी त्यांनी गावात ट्रकचा अपघात झाला असे सांगितले, आणि मला फोन करून म्हणाले, “वहिनी, तुम्ही बी तेच सांगा. पोरींची लग्नं व्हायची आहेत.” ते आले नाहीत. भाऊबंदांतले कोणी आले नाही. त्याला अंघोळ मी आणि सोजरबाईंनी घातली. खांदा केळी भरणाऱ्या हमालांनी दिला. लीलाधरभाऊंच्या मुलींची लग्ने झाली, चांगली झाली, मला आनंद आहे. जमीन मात्र त्यांना नाही.

५. रस्त्याकडच्या दोन खोल्या. माझ्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या, ओटा व नळासह, माझ्या मृत्यूनंतर ‘सोबत’ या संस्थेला दवाखान्यासाठी द्याव्यात. हे मी का ठरवले ते लिहिते.

निरंजनला वर्ष होऊन गेल्यावर दारात एक माणूस उभा राहिला. अंगाने भरलेला, गाल वर आलेले, शर्ट इस्त्रीचा. मी ओळखले नाही. तो म्हणाला, “बाई, मी कौतिक. तुमच्या चौथीतला.” कौतिक हा निरंजनचा शाळेपासूनचा मित्र. दोघे एकाच गाडीवर माल भरत. दोघांची सुई एक होती, आणि दोघांच्या रक्तात निघाले तेही एकच. मी समजत होते की तोही कुठेतरी मेला असेल.

त्याला पाहून मला जे वाटले ते बरे नव्हते. मी म्हणाले, माझा मुलगा राख झाला आणि तुला गाल कुठून आले? मी दार लावून घेतले. बऱ्याच वेळाने उघडले तर तो ओट्यावर बसलेला होता. मग मी त्याला आत घेतले आणि विचारले, तू कसा वाचलास.

त्याचे उत्तर इतके लहान होते की मी त्याला ते तीन वेळा सांगायला लावले. त्याच्या मामांनी त्याला इंदूरला नेले. तिथे सरकारी दवाखान्यात सकाळी एक गोळी जिभेखाली ठेवायला देतात. ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात. तिने अंग पिळवटत नाही, टोचायची ओढ कमी होते, माणूस कामावर जाऊ शकतो. त्याच ठिकाणाहून त्याला एच.आय.व्ही.च्या गोळ्या सुरू करून दिल्या.

“आणि सोडायचं कधी म्हणाले?” मी विचारले.

“कोणीच नाही म्हटलं बाई. म्हणे, टोचत असशील तरी ये. पन रोज ये.”

एवढेच. कोणता मोठा शोध नाही, परदेशातला इलाज नाही. एक गोळी जिभेखाली, एक गोळी पाण्याबरोबर, आणि दारात कोणी अडवत नाही. माझ्या मुलाच्या आणि जगण्याच्या मध्ये इतकेच होते. मी ऐकता ऐकता उठून उभी राहिले होते. सोजरबाईंनी मला खाली बसवले.

जिभेखालची गोळी रोज समोर बसून घ्यायची असते, त्यामुळे इथून रोज इंदूर कोणाला जमणार? ‘सोबत’चे लोक दोन्ही इलाज एका छताखाली बुऱ्हाणपुरात आणायला निघाले. परवानगी झाली, औषध सरकारकडून यायचे ठरले, जागा मिळेना. कौतिक त्यांच्याबरोबर फिरत होता. घरमालक चहा द्यायचे, काय चालवणार ते ऐकले की भाचा राहायला येणार आहे म्हणायचे. शेवटी मी माझ्या खोल्यांचे नाव काढले.

लीलाधरभाऊ निरंजन गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घरी आले. नशेखोरांना ओट्यावर बसवणार का, असे विचारत होते. रश्मीही जळगावहून आली. ती रडली. म्हणाली, “आई, निरू याच्यात गेला. आता त्याचं घरही याच्यातच घालतेस?” मी तिच्याशी वाद घातला नाही. मी तिला कौतिकबरोबर इंदूरला पाठवले. परत आली तेव्हा ती जेवली नाही. एवढेच म्हणाली की तिथे रांगेत निरूसारखे दिसणारे पुष्कळ होते आणि ते गप्पा मारत उभे होते.

खोल्या देण्याच्या अटी: आज टोचून आला म्हणून कोणालाही परत पाठवू नये. ज्याला अजून सोडता येत नाही त्याला कोरी सुई द्यावी आणि उद्या ये म्हणावे. रक्ताचा रिपोर्ट पाहून कोणाची बॅग बाहेर ठेवू नये. भिंतीवर निरंजनचा फोटो लावू नये, त्याला हार घालू नये. येणाऱ्याला पहिल्याच दिवशी मेलेला माणूस दाखवू नये. दवाखाना बंद पडला तर खोल्या रश्मीकडे याव्यात.

६. बाकीचे घर व बँकेतील शिल्लक रश्मीला. पुस्तके शाळेला, घेतील तर.

७. व्यवस्था पाहणारी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी रश्मीवर सोपवते. तिने ते आपणहून मागून घेतले.

८. दुरुस्ती. वरील सर्व लिहून झाले होते. साक्षीदार येऊन बसले होते, रश्मी आणि कौतिकही होते, सोजरबाई चहा टाकत होत्या. तेवढ्यात ओट्यावर एक मुलगी आली. ओढणी उन्हातही मनगटापर्यंत गुंडाळलेली. नाव सायली, देडतलाईकडून बसने आली होती. मला आतापर्यंत वाटत होते की हे टोचणे मुलांचेच असते. तिने कौतिककडे पाहिले आणि मग मला विचारले, “मावशी, इथं गोळी कबसे मिळनार?”

मी कौतिकला विचारले, तू हिला काय सांगितले आहेस? तो म्हणाला, जागा पक्की झाली आहे, थोडा टाइम लागेल असे सांगितले. मी विचारले, किती टाइम? त्याने माझ्या समोरच्या कागदाकडे पाहिले. रश्मीने तोंडावर पदर धरला.

माझी आई नव्वदीपर्यंत जगली. मी नुकतेच माझ्या हाताने ‘माझ्या मृत्यूनंतर’ असे लिहिले होते, आणि शहाणपणाचे लिहिले असे मला वाटत होते. आधी हे होऊ दे, मग तुझे बघू. तेच वाक्य. तेच मी सहीसाठी समोर ठेवून बसले होते, आणि कोणाच्याही लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही.

म्हणून कलम पाचमधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले आहेत. शेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. त्या खोल्या या मृत्युपत्राने कोणालाही मिळत नाहीत, कारण त्या आजपासून दिलेल्या आहेत. त्याचा वेगळा कागद रश्मी उद्याच नोंदवून घेणार आहे. अटी त्याच राहतील. खोल्यांतले धान्याचे डबे आणि पलंग आत्ता कौतिकने बोलावलेल्या हमालांनी मागच्या बाजूला नेले. सायली आणि सोजरबाई फरशी धूत आहेत. मला पाण्याचा आवाज इथवर येतो आहे.

हे मी वाचून, समजून, कोणाच्या धाकाशिवाय लिहिले आहे.

सही: प्रतिभा गिरधर महाजन

आमच्या समोर श्रीमती महाजन यांनी पूर्ण शुद्धीत सही केली व दुरुस्ती स्वतःच्या हाताने केली, आणि त्यांच्या समोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. भूपेंद्र चौधरी, बुऱ्हाणपूर
साक्षीदार २: श्रीमती वंदना सुरेश पाटील, निवृत्त शिक्षिका, बुऱ्हाणपूर

स्थळ: बुऱ्हाणपूर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५