मुख्य रिमोटच्या मानाबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक साहेब,
सहकारी संस्था, तालुका आंबेगाव,
मु. घोडेगाव, जि. पुणे.

अर्जदार : सुदर्शन रखमाजी हिंगे, बी.एस्सी., वय ४८, रा. अवसरी बुद्रुक, गाळा क्र. ११, व्यापारी संकुल, मंचर.

विषय : संकुलातील एसीचा मुख्य रिमोट चेअरमनांच्या कुलूपबंद केबिनमधून अन्यत्र हलवण्याचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे संकुलाच्या सहकारी संस्थेकडील तीन अर्ज (पोहोच मिळाली, उत्तर नाही).

महोदय,

१) अर्जदार आपल्या गाळ्यात टिश्यू कल्चरने, काचेच्या बाटल्यांतून केळीची रोपे वाढवतात. रोपांना पंचवीस अंशांच्या आसपास हवा लागते. ती बोटाएवढी असल्याने त्यांना तक्रार करता येत नाही. सबब हा अर्ज.

२) संकुलाच्या गच्चीवर एकच मोठे यंत्र आहे. त्यातून तांब्याच्या नळ्या अकराही गाळ्यांत गेल्या आहेत. नळ्यांतला गॅस गाळ्यातली उष्णता उचलून गच्चीवर टाकतो. उलटा फिरवला की बाहेरची आत आणतो. हवा खेळवायला पत्र्याचे बोगदे लागत नाहीत, ही सोय. गैरसोय अशी की हे यंत्र एका वेळी एकच काम करते. एका गाळ्यात गार आणि शेजारी गरम, असे करणारे यंत्र महाग पडत होते. त्यामुळे सर्वांनी गार घ्यायचे की गरम, हे एका खोलीतला मुख्य रिमोट ठरवतो. बाकीच्यांना मिळेल ते घ्यायचे किंवा आपले बंद करून बसायचे, एवढे स्वातंत्र्य आहे.

३) मुख्य रिमोट अर्जदाराच्या गाळ्यात ठेवावा, गरज तिथे आहे, असे यंत्र बसवताना मेकॅनिकने सुचवले होते. त्यावर चेअरमन गेणभाऊ म्हणाले, "मुख्य म्हंजी मुख्यच. त्यो चेअरमनच्या केबिनीत नाय, तर काय केळीच्या पोरांपाशी ठिवायचा व्हय?" टाळ्या पडल्या, नारळ फुटला. जत्रेत काठीचा मान ठरावा तसा एसीचा मान ठरला.

४) चेअरमनांना गारठा सोसत नाही. डिसेंबरात त्यांनी 'गरम' लावले, जानेवारीअखेर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे गेले आणि केबिनची किल्ली सोबत नेली. मार्च निम्मा सरला, संकुल गरमच आहे. सर्वांनी आपापली यंत्रे बंद केली आहेत. झेरॉक्सवाले बनियनवर बसतात. अर्जदाराच्या गाळ्यात रोपांसाठी सोळा तास ट्यूबलाइट जळतात, धुळीमुळे खिडकी उघडता येत नाही. वेगळा एसी लावू म्हटले, तर त्याचा बाहेरचा डबा चेअरमनांच्या नावाच्या पाटीशेजारी येतो म्हणून नकार मिळाला. सहा हजार बाटल्यांपैकी सव्वापाच हजार नासल्या. आत काळपट बुरशी, तळाला शेंबडासारखे पाणी. झाकण काढले की जो वास येतो, तो अर्जदाराच्या डब्यातल्या भाकरीलाही लागला आहे.

५) केबिन न उघडताही मुख्यपण दुसऱ्या खोलीच्या रिमोटकडे वळवणे हे पाच मिनिटांचे काम असल्याचे मेकॅनिक सांगतो. त्यासाठी तीन तासांची विशेष सभा झाली. गाळाधारक जानकू यांनी, संकुलाला जागा आमच्या आज्याची, सबब दुसरा मान आमचा, असे मांडले. मग मानकऱ्यांची यादी झाली, प्रत्येकी एक वर्ष, पैकी पहिले, म्हणजे चालू वर्ष चेअरमनांचेच. अर्जदार अकरावे. त्यांची पाळी २०१९ साली येते. व्हाइस-चेअरमन भरतभाऊंचे मत पडले, "आज रिमोट मागतुया, उद्या खुर्ची मागंल."

६) शेवटी अर्जदाराने चेअरमनांना फोन करून प्रकृती विचारली. ते म्हणाले, "लई झ्याक. पोराच्या घरी एसी हाय, गार लावून पडलोय."

सबब विनंती की, रिमोट कोणाच्याही मानाला धक्का न लावता, वाटल्यास वाजतगाजत, पण येत्या शुक्रवारपर्यंत हलवावा. उरलेली रोपे त्यापुढे टिकणार नाहीत, आणि जूनच्या लावणीसाठी चाळीस शेतकरी त्यांच्या भरवशावर आहेत.

आपला नम्र (अजून तरी),
सु. र. हिंगे
मंचर, दि. १६ मार्च २००९

सोबत :
१) मानकऱ्यांच्या यादीची प्रत.
२) नासलेली बाटली, एक. कार्यालयात उघडू नये.
३) चांगली बाटली, एक. आतले रोप जिवंत आहे. निकाल लागेपर्यंत ती साहेबांच्या टेबलावर, उन्हापासून लांब ठेवावी. परत पाठवू नये.