ढब्बूचं पोट आणि खळीचं औषध

ती. आत्यास लॉन्ड्रीवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कुरकुरत असले तरी बाकी तू खणखणीत असशील, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं.)

तर आपली ढब्बू. पोरीचे गाल आणि घागरीसारखं पोट बघून तू तिला 'खात्यापित्या घरची' म्हणालीस आणि मी छाती काढून फिरलो. परवा सकाळी ती उठेचना. अंग गार, घामाने चिंब. हाताला लागली ती गिऱ्हाइकाची चादर तिच्याभोवती गुंडाळून आम्ही दवाखाना गाठला. (चादर अजून परत दिलेली नाही.) साखर चढवल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिलं काम काय केलं, तर नर्सचा चष्मा ओढला.

बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, त्याने मी अजून थक्क आहे. फुगलंय ते तिचं यकृत. खाल्लेली साखर ते साठवून ठेवतं, पण परत सोडायची सोयच जन्मतः नाही. म्हणजे कोठार भरलेलं आणि मालकीण उपाशी. "दोष आई-बाप दोघांकडून येतो, अगदी सारखा," बाई म्हणाल्या. (तेव्हा 'सुनेकडचंच असणार' हे ओठावर आलेलं वाक्य तू कृपा करून गिळ.)

औषध काय, तर कॉर्नफ्लोअर! ज्याची खळ करून मी लोकांच्या कॉलरी कडक करतो, तेच. (तिच्यासाठी खाण्याचं वेगळं आणतो, घाबरू नकोस.) घरी आल्यावर सवयीने मी आधण ठेवलं, तर हिने गॅस बंद केला. शिजवायचं नाही; गार पाण्यात कालवून, ठरल्या वेळी द्यायचं. कच्चं असलं की ते पोटात सावकाश विरघळतं आणि थोडीथोडी साखर देत राहतं. आत्या, जी पूड मी रोज अंगावरून झटकत आलो, तिच्या जोरावर माझी पोर सकाळी डोळे उघडते. हल्ली डबा उघडताना मी नकळत चपला काढतो.

आम्ही दोघं व्यवस्थित निभावतोय. तू येण्याची दगदग मुळीच करू नकोस.

ता.क. दगदग कर. दुपारी ही कामावर, मी इस्त्रीवर आणि कॉर्नफ्लोअरची वाटी दिसली की ढब्बू तोंड घट्ट मिटून. मला गोष्टी सांगत एरंडेल पाजणारी तूच होतीस. येताना गोड काही आणू नकोस, तिला चालत नाही; ते नुसतं त्या कोठारात जाऊन बसतं.

ता.क. २. 'येते' एवढंच कळव. 'बघते' असं लिहू नकोस. मला फार भीती वाटते.