पंचाहत्तरच्या खाली

९ जानेवारी २०२५, गुरुवार

अठ्ठ्याऐंशी किलो. डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचला, आणि केबिनमध्ये आम्ही चौघं बसलेलो — मी, रतन, शिवदास आणि सपना. नवरा, भाऊ, भावजय. सगळ्यांसमोर.

बाकी सगळं जुळलं. रक्तगट जुळला. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत म्हणे. पण एवढ्या वजनावर एक काढून घेणार नाहीत. ऑपरेशनला धोका, आणि नंतर उरलेल्या एका किडनीवर भार. "पंचाहत्तरच्या खाली या, मग बोलू." सपनाचा रक्तगट जुळत नाही. आई-बाबा नाहीत. राहिले मी.

शिवदास लगेच म्हणाला, "चालेल ना ताई, होईल हळूहळू. माझं डायलिसिस चालू आहे, घाई काय आहे." त्रेचाळीस वर्षांचा आहे. दीड वर्षात चेहरा मातकट झालाय.

हे इथेच लिहिते, बोलायची सोय नाही कुठे. डॉक्टर 'आत्ता नाही' म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं. मी मान खाली घातली. सपनाला वाटलं, मला वाईट वाटलं. तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

१३ जानेवारी, सोमवार

रतनने नवे बूट आणले. सकाळी सहाला सोसायटीमागच्या बागेत गेले. अर्धा राउंड झाला आणि धाप लागली, टाचा ठणकायला लागल्या. बाकावर बसले. बसलेच. आठवड्याचे सगळे दिवस ऑफिसात खुर्चीवर बसते, तशीच. गेटवर इडलीवाला अण्णा सायकल लावतो. चार इडल्या, एक मेदूवडा.

घरी रतनला सांगितलं, पाच राउंड. आठ वाजता घाटकोपरहून सपनाचा फोन. "ताई, किती चाललात आज?"

"पाऊण तास."

"दमला असाल. जपून हं."

२१ जानेवारी

बाक. इडली. पाऊण तास.

२ फेब्रुवारी, रविवार

शिवदासकडे जेवायला, घाटकोपरच्या पंतनगरला. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर सपनाने मार्करने रेघा मारल्यात. दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोटसुद्धा आला. त्याचं जेवण आधी झालं, तेव्हा त्याने बर्फाचा एक खडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटून बसला.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थायरॉइड तपासून घे ताई. एवढं चालतेस आणि उतरत नाही, म्हणजे तुझी चूक नाही ही."

सपनाने माझ्यासाठी वेगळी बिनतेलाची भाजी केली होती, ती वाढली.

घरी जाताना स्टेशनबाहेर दोन वडापाव खाल्ले. उभ्याने. भिंतीकडे तोंड करून.

१९ फेब्रुवारी

अठ्ठ्याऐंशी किलो नऊशे. वाढलं.

१० मार्च, सोमवार

सपनाला कामावर सुट्टी नव्हती म्हणून डायलिसिसला मी गेले शिवदासबरोबर. आजवर कधी गेले नव्हते. काहीतरी कारण निघायचं — मीच काढायचे.

दोन सुया. बारीक नाहीत — स्वेटर विणायच्या सुया आठवल्या मला. हातातली शीर फुगून दोरखंडासारखी झालीय. चार तास. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला आणि तो कण्हायला लागला. मी पाय चेपत बसले. थोडं बरं वाटल्यावर विचारतो, "आज चालून आलीस ना?"

"हो."

मी खोटं बोलते हे मला माहीत होतं. पण फोनवर बोलणं वेगळं. आज त्याचा पाय माझ्या हातात होता.

१५ मार्च, शनिवार

सपना अचानक आली. हातात पालिकेच्या स्विमिंग पुलाचा फॉर्म. "ताई, तुमच्या टाचा दुखतात ना, पाण्यात टाचांना काही होत नाही. बायकांची बॅच आहे सकाळी." रतन हसला — "ही आणि पाण्यात?" — मग सपनाचा चेहरा बघून चहा टाकायला गेला.

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "बघू नका, सही करा." पेन पर्समधून काढून तयार. फोटोसुद्धा माझा तिच्याकडे होता, हॉस्पिटलच्या कागदांसाठी दिलेला. दहा मिनिटांत मी पोहायला जाणारी बाई झाले.

२९ मार्च

कॉस्च्युम घ्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली, "लेडीजमध्ये ट्रिपल एक्सेल आहे का रे?" दुकानात दोन पुरुष होते. गुडघ्यापर्यंत पाय, वर फ्रॉक. काळा. घरी कडी लावून घालून बघितला. आरशाकडे पाठ करून.

१ एप्रिल, मंगळवार

कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत वीस पावलं. मी मोजली. टॉवेल गुंडाळून गेले, काठावर तशीच उभी. शिकवणारी मुलगी प्रांजल, पंचविशीची असेल. "काकू, टॉवेल आत नाही न्यायचा."

काढला. वाटलं, आता सगळ्या बघणार. सात-आठ बायका होत्या. एकीनेही पाहिलं नाही. जी ती आपल्या नाकात पाणी जाऊ नये या चिंतेत. चाळीस मिनिटं मी काठाचा दांडा धरून उभी होते. बस. एवढंच.

पण खोटं नाही बोलले. सपनाला सांगितलं — नुसती उभी होते. ती म्हणाली, "चालेल."

९ एप्रिल

तरंगले.

प्रांजलने पाठीखाली हात धरला होता, कधी काढला कळलंच नाही. "काकू, तुम्ही बघा कशा वर राहता. बारीक पोरींना मी महिना-महिना शिकवते, त्या खाली जातात." माझ्या चरबीचा हा एक उपयोग आज कळला. कान पाण्यात गेले की आवाज सगळे बंद. टाचांवर काही नाही. कंबरेवर काही नाही. मला हसू आलं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

ते सगळं होईपर्यंत शिवदास मला आठवला नाही. आठवला तो केस पुसताना. ज्याच्यासाठी पाण्यात उतरले तोच. आणि त्याला दिवसाला एक लिटर.

३० एप्रिल

८५.४. रात्रीची भाकरी एकच. इडली बंद. अण्णाची सायकल दिसली की मी रस्ता ओलांडते.

१८ मे, रविवार

पंतनगरला गेले होते. शिवदासने विचारलं, "कसं वाटतं गं आत, पाण्यात?" खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. पुढे सरकून बसला.

आणि मी काय म्हटलं? "काय वाटायचंय? कंटाळा येतो. थंडगार पाणी, क्लोरिनचा वास. तुझ्यासाठी करते म्हणून करते."

तो मागे टेकला. "सॉरी ताई. माझ्यामुळे तुला."

मजा मी करते आणि माफी तो मागतो. खरं सांगायची लाज वाटली म्हणून हे बोलले. आता याची जास्त वाटते.

२२ मे

न थांबता पुलाची अख्खी रुंदी! रतनला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

१६ जून, सोमवार

दुरुस्तीसाठी पूल आठ दिवस बंद. सकाळी सव्वासहाला आपोआप जाग आली, अंग गप्प बसेना. बूट घातले, बागेत गेले. पाच राउंड. खरे. बोटांवर मोजले. कोणी विचारलं नव्हतं, कोणाला सांगितलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

तीन आठवडे झाले, अठ्ठ्याहत्तरवर अडकलंय. डाएटवाल्या बाई म्हणतात, होतं असं कधी कधी.

होत नाही. मी करते. पोहून येते आणि ऑफिसखाली कोपऱ्यावर जिलबी खाते. भूक म्हणून नाही. पोहायला मला सोडायचं नाहीय — आता लांबी जाते मी, पंचवीस मीटर, मध्ये एकदा थांबून. पण पंचाहत्तर मला नकोय. पंचाहत्तर झालं की टेबलावर झोपवतील, कापतील. मला भुलीची भीती वाटते. उठलेच नाही तर? राहिलेली एक खराब झाली तर? रतन म्हणालाही परवा, "नाही म्हणायचंय का तुला? मी सांगतो त्यांना. वाईट मी होतो."

मी त्याच्यावर ओरडले. मनातलं त्याने बोलून दाखवलं म्हणून.

२६ जुलै

आज शिवदासला डायलिसिसच्या वेळी चक्कर आली, प्रेशर खूप उतरलं. सपनाचा आवाज एकदम सपाट होता फोनवर.

जिलबी बंद.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

७४.६. डॉक्टर उठून उभे राहिले, हात मिळवला. म्हणाले, शंभरातले दहा जण करतात हे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शिवदास माझ्या पायाशी वाकला. मी मागे सरकायच्या आत. लोक बघत होते. मला त्याला उचलताही येईना.

८ सप्टेंबर, सोमवार

हॉस्पिटलमध्ये मानसी मॅडम आहेत, किडनी देणाऱ्यांचं सगळं त्या बघतात. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं.

"शकुताई, आता खरं बोला. तुमच्यावर दबाव आहे का कोणाचा?"

"नाही."

"तुम्हाला द्यायची नसेल तर अजूनही थांबता येतं. घरच्यांना आम्ही कारण सांगत नाही. एवढंच सांगतो की तपासण्यांत बसत नाही. तुमचं नाव येणार नाही. आयुष्यात कोणाला कळणार नाही."

एवढी सोपी वाट. वाईट कोणी होणार नाही. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते, आणि तोंडातून निघालं, "विचार करून सांगते."

'देते' नाही म्हटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पोहायला गेले नाही. सरळ सपनाच्या ऑफिसखाली गेले आणि तिला खाली बोलावलं. चहाच्या टपरीमागे उभ्या राहिलो. सगळं सांगितलं. बाक, इडल्या, पाऊण तास, जिलबी. कालचं सुद्धा.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाकाचं माहीत आहे मला."

"काय?"

"जानेवारीत एकदा सकाळी आले होते मी, नाचणीचे लाडू घेऊन. तुमच्याबरोबर चालावं म्हणून. तुम्ही बाकावर बसून खात होतात. तशीच परत गेले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तोंड दाखवलं नसतंत परत. मग आम्ही कोणाकडे जायचं होतं?"

"रागावली नाहीस?"

"रागावले होते ना. रोज फोन करायचे, तुम्ही पाऊण तास म्हणायचात. फोन ठेवून रडायचे. दुसऱ्या दिवशी परत करायचे. मग वाटलं, निदान टाचा तरी खरंच दुखत असतील. म्हणून तो फॉर्म."

ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा, ताई. भीती मलाही वाटली असती. पण मला सांगा, माझ्या तोंडावर. त्या मॅडमच्या कागदावर नको. आणि ह्यांना यातलं काही कळू देऊ नका."

चहाचे पैसे तिनेच दिले. "उद्या पोहायला जा," म्हणाली, आणि वर गेली.

१० सप्टेंबर

गेले. सहा लांब्या. मोजायचं भान प्रांजलला, मला नव्हतं. शेवटच्या लांबीला दम संपला असं वाटलं आणि तरी हात पुढे पडत राहिला. हे अंग मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त चालतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आधी सपनाला फोन केला — देते. मग मानसी मॅडमना.

त्यांनी विचारलं, "भीती गेली का?" म्हटलं, नाही, तेवढीच आहे. लिहून घ्या तसं. रतनला सही करावी लागते, नवरा म्हणून. त्याने तीनदा पेन खाली ठेवलं. चौथ्यांदा केली.

१२ ऑक्टोबर, रविवार

उद्या भरती, परवा ऑपरेशन. शिवदासला आज सांगितलं — तेव्हा खोटं बोलले होते, मला पोहायला आवडतं. खूप आवडतं.

"मग सांग ना," म्हणाला.

सांगितलं. कान बुडल्यावर कसं होतं ते, तळाच्या निळ्या फरशा, हात पाण्यात शिरतो तेव्हाचं. अर्धा तास बोलत होते. तो लहानपणी अंथरुणात गोष्ट ऐकायचा तसा ऐकत होता. बाकीचं नाही सांगितलं. ते सपनाचं आणि माझं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. डावी दिली. उठले शुद्धीवर, आहे मी.

टेबलावर किडनी जोडल्या जोडल्या शिवदासला लघवी सुरू झाली म्हणे. सपना वॉर्डभर हेच सांगत सुटलीय — वॉचमनला, लिफ्टवाल्याला, पलीकडच्या बेडवरच्या बाईच्या सासूला. मला हसू येतं आणि टाके ओढतात. सिस्टर सलाइन बदलायला आली तेव्हा मीही विचारलं, कालपासून किती झाली त्याची? तिने कागद बघून सांगितलं. पुरेना मला. अर्ध्या तासाने परत विचारलं.

साडेसहा लिटर.